पियानो वाजत होता तेवढा वेळ

सहलीच्या यादीत नाव घालताना ज्येष्ठ नागरिक संघाच्या सेक्रेटरींनी मिस्त्रींना दोनदा विचारलं होतं, "वहिनींना झेपेल ना?" आणि दोन्ही वेळा मिस्त्री म्हणाले होते, "न झेपायला काय झालं? ठणठणीत आहे ती."

ठणठणीत हा शब्द मिस्त्रींनी गेल्या चार वर्षांत इतका वापरला होता की तो झिजून गुळगुळीत झाला होता. दुसऱ्या शहरात राहणारी मुलगी दर रविवारी फोन करायची, तेव्हा हाच शब्द. शेजारी जिन्यात विचारायचे, तेव्हाही हाच. फोन बायकोच्या कानाला लावण्याआधी ते तिला पढवून ठेवायचे. "सांग, जेवले. सांग, गुडघा बरा आहे." ती तेवढंच सांगायची. मुलगी म्हणायची, "आई हल्ली फार कमी बोलते हो." मिस्त्री म्हणायचे, "वय झालं की माणूस शांत होतो."

खरी गोष्ट अशी होती की ज्या बाईने तीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून शेकडो मुलांची नावं तोंडपाठ ठेवली, तिला आता दाराची कडी कुठल्या बाजूला सरकते ते आठवत नव्हतं. मिस्त्री तिला आंघोळ घालत, तिची वेणी घालत, बटणं लावत. गॅसची बटणं त्यांनी काढून आपल्या खिशात ठेवली होती. दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी, दुसरी कडी बसवली होती. स्वतः बसवली, तीही इतकी सफाईदार की पाहुण्याला वाटावं ती मूळचीच आहे. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस. केसाएवढाही फरक त्यांना खपत नसे, आणि घरातली गोष्ट घराबाहेर गेलेली तर त्याहून खपत नसे.

सहलीला यायचं कारण बायको नव्हती. कारण ते स्वतः होते. संघाच्या फळ्यावर 'जुनी यंत्रं आणि वाद्यं यांचं संग्रहालय' असं लिहिलेलं वाचलं आणि ते फळ्यासमोरच थांबले. दोन वर्षांत त्यांनी बाजार आणि दवाखाना सोडून काही पाहिलं नव्हतं. एक दिवस, फक्त एक दिवस, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं, जणू कोणाकडे रजेचा अर्ज करत होते.

बसमध्ये सगळं सुरळीत झालं. बायको खिडकीतून बघत राहिली. सेक्रेटरी गळ्यात शिट्टी अडकवून माणसं मोजत होते. मागच्या बाकावर बसणाऱ्या, निवृत्त झालेल्या नर्सबाईंनी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. बायकोने गोळी कागदासकट तोंडात घातली. मिस्त्रींनी कोणी बघायच्या आत ती काढली, सोलली आणि परत दिली. नर्सबाईंनी पाहिलं की नाही, ते त्यांना कळलं नाही.

संग्रहालय म्हणजे एक जुनी गिरणी होती. उंच छत, लोखंडी खांब, सिमेंटची जमीन. मिस्त्री आत शिरले आणि तेलाचा वास नाकात गेल्याबरोबर त्यांचे खांदे खाली आले. वाफेचं इंजिन, छापखान्याचं यंत्र, मनोऱ्यावरच्या घड्याळाचं आतडं. ते बायकोचा हात धरून एकेका यंत्रापाशी थांबत होते आणि हलक्या आवाजात तिला सांगत होते. "हे बघ, हे दाते झिजलेत. कोणीतरी चुकीचं तेल घातलंय." ती मान हलवत होती. तिला कळत नव्हतं, पण त्यांना सांगायला कोणीतरी होतं.

शेवटच्या दालनात तो पियानो होता. भिंतीला पाठ लावून उभा, गडद लाकडाचा, दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांसाठी पितळी कंस. सगळीकडे 'हात लावू नये' अशा पाट्या आणि इथे मात्र गाईड मुलगी हसत म्हणाली, "याला हात लावायचाच नाही, पाय लावायचे. हा स्वतःच वाजतो. फक्त भाता मारायला माणूस लागतो. कोणाचे पाय भक्कम आहेत?"

सगळ्यांनी मिस्त्रींकडे बोट दाखवलं. "आमचा मिस्त्री घ्या! याने आयुष्यभर यंत्रंच राबवलीत!"

मिस्त्रींनी आधी नाही म्हटलं. मग बायकोकडे पाहिलं. भिंतीलगत एक लांब बाक होता. तिला तिथे बसवलं, पर्स तिच्या मांडीवर ठेवली. "इथेच बस. मी समोरच आहे." नर्सबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. 'जरा लक्ष ठेवा' एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. ते शब्द त्यांच्या ओठांवर आलेसुद्धा. पण ठणठणीत बाईवर लक्ष कशाला ठेवायचं? ते तसेच पियानोकडे वळले.

गाईड मुलीने पियानोच्या छातीतलं दार सरकवलं. आत कागदाची गुंडाळी होती, पीठ चाळायच्या चाळणीसारखी भोकांनी भरलेली. गुंडाळीचं टोक तिने खालच्या रिकाम्या रुळात अडकवलं. मधे एक पितळी पट्टी, तिलाही ओळीने बारीक भोकं. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पट्टीला टेकेल इतके वाकले.

"फुंकत नाही हा," ते म्हणाले. "ओढतोय. हवा ओढून घेतोय."

"बरोबर!" मुलगी म्हणाली. "बहुतेक लोकांना वाटतं फुंकतो."

"म्हणजे कागदाचं भोक पट्टीच्या भोकावर आलं की हवा आत शिरते, आणि त्या सुराचा छोटा भाता..."

"मारा की पाय आता, मिस्त्री!" मागून कोणीतरी ओरडलं.

त्यांनी पाय मारले. एक, दोन. आत काहीतरी दमेकऱ्यासारखं सुसकारलं, कागद सरकला आणि अचानक पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आपोआप खाली जायला लागल्या. कोणाचीही बोटं नव्हती. डावीकडे दणदणीत ताल, उजवीकडे पळापळ करणारे सूर, एखाद्या लग्नघरात पोरं जिन्यावरून वरखाली धावावीत तसे. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मिस्त्रींना समजलं की पाय जोरात मारले तर आवाज चढतो, हळू मारले तर उतरतो. पुढे एक दांडी होती, ती सरकवली की वेग बदलत होता. पाचव्या मिनिटाला ते त्या यंत्राशी बोलायला लागले होते. शेवटाकडे जाताना त्यांनी वेग इतका कमी केला की दालन श्वास रोखून उभं राहिलं, आणि मग दणका दिला. लोक हसले. मिस्त्रीही हसले, मोठ्याने, तोंड उघडून.

"अजून एक!" लोक म्हणाले. मुलीने दुसरी गुंडाळी लावली. मग तिसरी. मिस्त्रींच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, पाठीवर घाम उतरला होता आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात पुढच्या पाच मिनिटांचा विचार नव्हता.

तिसरी गुंडाळी संपली. ते रुमालाने मान पुसत वळले, बायकोला सांगायला की, बघितलंस ना.

बाक रिकामा होता.

आधी त्यांनी बाकाखाली पाहिलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग घड्याळाच्या दालनात गेले, मग छापखान्याच्या. पहिल्यांदा ते चालत होते, चेहरा साधा ठेवून. मग पळायला लागले. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून त्यांनी हाका मारल्या. आतून एक अनोळखी बाई बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघत बाजूने निघून गेली.

"काय झालं मिस्त्री?" सेक्रेटरी धावत आले. "वहिनी बाहेर गेल्या असतील जरा. येतील की. ठणठणीत आहेत, तुम्हीच..."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "ती ठणठणीत नाही. तिला काही आठवत नाही. घर आठवत नाही. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. रस्ता ओलांडायचा कसा ते तिला माहीत नाही." हे बोलताना त्यांचा आवाज चढला आणि दालनातल्या तीस जणांनी ते ऐकलं. चार वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट अशी भर बाजारात सांडली, आणि त्यांना त्याचं काहीही वाटलं नाही.

नर्सबाईंनी त्यांचा दंड धरला. "किती वेळ झाला?"

तेच त्यांना ठाऊक नव्हतं. तीन गुंडाळ्या. पंधरा मिनिटं? वीस?

दारावरच्या रखवालदाराने वही काढली. "अंगावर काय होतं?"

"निळा स्वेटर. पाच बटणं. सगळ्यात खालचं पांढरं आहे, मूळचं हरवलं म्हणून. करड्या चपला, डाव्या पायाचा पट्टा एक भोक सैल. काळी पर्स. केसांना दोन पिना." रखवालदाराने मान वर करून पाहिलं. इतकं नेमकं वर्णन त्याला कोणी दिलं नसावं. सकाळी यातली एकेक वस्तू मिस्त्रींनीच तिच्या अंगावर चढवली होती.

"पर्समध्ये फोन नंबर?"

"चिठ्ठी ठेवतो मी. ती फाडून टाकते. तिला वाटतं, कोणीतरी कचरा टाकलाय."

संघाची माणसं दोघादोघांनी बाहेर पडली. सेक्रेटरी पोलिसांना फोन करत होते. मिस्त्री एकटेच सुटले. संग्रहालयासमोरचा रस्ता रुंद होता आणि गाड्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. प्रत्येक ब्रेकच्या किंकाळीला ते वळून बघायचे. औषधाचं दुकान, चपलांचं दुकान, बँक. "एक बाई पाहिली का? निळा स्वेटर?" लोक मान हलवायचे. एका दुकानदाराने सांगितलं, "मगाशी एक गेली बुवा कालव्याच्या बाजूला." मिस्त्री कालव्याकडे धावले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पोटऱ्या आधीच भरलेल्या. कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी हिरवं आणि संथ होतं, त्यावर एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती. ते कठडा धरून पाण्याकडे बघत राहिले. बाकी काही दिसेना, तरी बघत राहिले.

आणि तिथे, धापा टाकत, त्यांच्या मनात एक विचार आला. नाही सापडली तर.

तो विचार भीतीसारखा आला नाही. एखादं जड पोतं पाठीवरून उतरावं तसा आला. उद्या सकाळी कोणाला आंघोळ घालायची नाही. वरची कडी लावायची नाही. चहा गरम असतानाच प्यायचा. एका श्वासापुरतंच त्यांना हलकं वाटलं, आणि पुढच्या श्वासाला ते कठड्याला टेकून खाली बसले, आणि त्यांना उलटी झाली.

सायकलवरून जाणारा एक माणूस थांबला. "काका, पाणी देऊ?" त्यांनी हातानेच नको म्हटलं. मग तोंड पुसून उठले आणि पुन्हा चालायला लागले. आता त्यांना हाका मारायचाही धीर होईना. ज्या तोंडाने हाक मारायची, तेच तोंड त्यांना परकं वाटत होतं.

दीड तासाने खिशातला फोन वाजला. सेक्रेटरी होते. "मिस्त्री, सापडल्या! सुखरूप आहेत! संग्रहालयामागच्या गल्लीत दाताच्या डॉक्टरकडे बसल्यात."

"दाताच्या?"

"तुम्ही या आधी!"

जीव भांड्यात पडला म्हणतात, तसं काही झालं नाही. ते आल्या वाटेने मागे फिरले.

दवाखाना छोटा होता. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, माशांची एक काचेची पेटी आणि टेबलामागे एक रिसेप्शनिस्ट. कोपऱ्यातल्या खुर्चीत बायको बसली होती, मांडीवर पर्स, पाय जुळवून. आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या कुठल्याही पेशंटसारखी. कोणाला शंका येणार?

"मी सुरुवातीलाच विचारलं होतं हो," रिसेप्शनिस्ट सांगू लागली. "म्हटलं, आजी, नंबर लावलाय का? तर म्हणाल्या, माझे हे आत आहेत. आत खरंच एक आजोबा होते, त्यांची दाढ काढणं चाललं होतं. मला वाटलं, त्यांच्याच. ते आजोबा गाल धरून एकटेच निघून गेले तरी या बसलेल्याच! मग पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, हे पियानो वाजवतायत, त्यांचं होऊ दे. आता पियानो म्हटल्यावर या भागात संग्रहालयाशिवाय कुठे असणार? म्हणून तिकडे फोन लावला."

मिस्त्री बायकोसमोर गुडघ्यावर बसले. "चल," ते म्हणाले. "चल, घरी जाऊ."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. घामाने चिकटलेले केस, लाल डोळे, शर्टावर पडलेला डाग. मग रिसेप्शनिस्टकडे वळून ती सभ्यपणे म्हणाली, "हे नव्हेत."

"अगं, मीच."

"माझे हे आत आहेत." तिने पर्स छातीशी घट्ट धरली. "तुम्ही जा."

त्यांनी तिचा हात धरला, तशी ती किंचाळली. आतून डॉक्टर डोकावले. रिसेप्शनिस्टचा चेहरा बदलला. "काका, जरा मागे व्हा. तुमच्याकडे काही ओळखपत्र आहे का?" पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचा पुरावा मिस्त्री खिशात चाचपत राहिले. हाताला गॅसची बटणं लागली.

एवढ्यात नर्सबाई आणि सेक्रेटरी पोचले. सेक्रेटरींनी हमी दिली. नर्सबाईंनी मिस्त्रींना बाजूला घेतलं. "तुम्ही नवरा आहात हे आज तिला पटवू नका. नाही पटणार. ती म्हणते तेच धरून चला."

मिस्त्रींनी दवाखान्याच्या बेसिनमध्ये तोंड धुतलं. मग पुन्हा बायकोसमोर आले, या खेपेला दोन पावलं लांब उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला अशी हाक मारली. "तुमच्या मिस्टरांनी मला पाठवलंय. म्हणाले, तुम्हाला बसपर्यंत सोबत करा."

तिचा चेहरा उजळला. "झालं त्यांचं वाजवून?"

"होत आलंय."

ती उठली. गल्लीतून चालताना तिने त्यांचा हात धरला नाही, पण ती बाजूनेच चालली आणि आपणहून बोलायला लागली. गेल्या कित्येक महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती.

"मीच उठून आले हो. म्हटलं, मी समोर असले की त्यांचं लक्ष माझ्याकडेच लागतं. फार राबतात ते. काय करतात ते मला नीट आठवत नाही, पण राबतात. हसत नाहीत अलीकडे. आज हसत होते. तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," मिस्त्री म्हणाले.

"त्यांना सांगू नका हं, मी बोलले ते."

"नाही सांगत."

पुढे नर्सबाई चालत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त चष्मा काढून पदराने पुसला.

बसपाशी येईपर्यंत ती दमली होती आणि गप्प झाली होती. मिस्त्रींनी तिला खिडकीपाशी बसवलं आणि शेजारी टेकले. तिने लगेच शेजारच्या जागेवर पर्स सरकवली. "इथे नको. ही जागा माझ्या ह्यांची आहे."

मिस्त्री उठले. नर्सबाईंनी खुणेनेच सांगितलं, मी आहे. ते बसमधून खाली उतरले, बसच्या मागच्या चाकापाशी गेले आणि मुलीला फोन लावला. मंगळवार होता. मुलीने पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा? आज कसा काय? आई बरी आहे ना?"

शब्द जिभेवर तयारच होता. त्यांनी तो गिळला.

"नाही," ते म्हणाले. "बरी नाही. चार वर्षांपासून बरी नाही. मी तुला खोटं सांगत आलो. आज ती हरवली होती. आता सापडली आहे, घाबरू नकोस. पण तिने मला ओळखलं नाही."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. "बाबा, तुम्ही मला का नाही..."

"थांब. माझं संपलं नाही. आत्ता नाही बोललो तर पुन्हा बोलणार नाही. ती सापडत नव्हती तेव्हा मी एका ठिकाणी उभा होतो, आणि मला एक क्षण बरं वाटलं. ऐकतेस ना? तुझी आई सापडत नाही म्हणून मला बरं वाटलं."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मिस्त्री चाकाच्या नटांकडे बघत होते. एक नट नवा होता, बाकीचे गंजलेले.

"ऐकतेय बाबा," ती शेवटी म्हणाली. "मला शनिवारपर्यंत निघता येणार नाही. शनिवारी सकाळी येते. तोवर जमेल?"

"नाही जमणार," मिस्त्री म्हणाले. स्वतःच्या तोंडून हे ऐकून ते दचकले. "खरंच नाही जमणार गं. मला एकट्याला त्या घरात जायची भीती वाटते. तिची नाही वाटत. माझीच वाटते."

"मग उद्या. उद्या येते, कसंही करून. आज रात्री कोणाला तरी बोलवा. शेजारी, कोणीही. बाबा, कबूल करा."

"कोणाला सांगू?"

"ज्याला सांगाल त्याला सांगा. पण सांगा."

सेक्रेटरींनी शिट्टी वाजवली. मिस्त्री बसमध्ये चढले. बायको खिडकीला डोकं टेकून झोपली होती, पर्स अजून शेजारच्या जागेवर. तिच्या मागची जागा नर्सबाईंची होती. त्या मिस्त्रींना पाहून आत सरकल्या.

मिस्त्री बसले. बस सुटली, वळली, मोठ्या रस्त्याला लागली. बराच वेळ गेल्यावर त्यांनी समोर बघतच विचारलं, "तुम्ही आज आमच्याकडे राहाल का?"

"राहीन," नर्सबाई म्हणाल्या. "सकाळी गोळी काढून देताना पाहिलं होतं मी तुम्हाला. तेव्हाच विचारायला हवं होतं."

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना रडायला येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पुढच्या सीटवर बायको झोपेत जराशी हलली, तसा त्यांनी सीटच्या दांडीवर हात ठेवला, ती उठलीच तर कळावं म्हणून. संघाची माणसं दबक्या आवाजात बोलत होती. घर यायला अजून दोन तास होते.